स्नायूचा तुकडा हातात येण्याआधी

पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी संपवून सांगलीत रुजू झाले, तेव्हा स्नायूची बायोप्सी मी बहुतेक पुस्तकातच पाहिली होती. पहिली आली ती थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीत. आटपाडीकडचा सात वर्षांचा मुलगा. पोटऱ्या फुगलेल्या, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत वर यायचा. सीके, म्हणजे स्नायू मोडले की रक्तात वाढणारं एन्झाइम, पंधरा हजारांच्या पुढे. त्याआधी कित्येक महिने एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची समजली जाणारी एन्झाइम्स वाढलीत म्हणून त्याच्या लिव्हरवर औषधं चालू होती. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात येतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या तुकड्यात तंतू लहानमोठे झालेले, काही मेलेले, मधल्या जागेत चरबी. डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजवणारा जनुकीय आजार, आहे हे दिसत होतं. कोणती, ते नाही. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्या स्नायूवर एनएडीएच, एसडीएच हे एन्झाइमचे स्टेन चालत नाहीत आणि डिस्ट्रोफिन या तंतूच्या आवरणालगतच्या प्रथिनाच्या स्टेनवरही भरवसा ठेवता येत नाही. शेवटी रक्ताच्या एमएलपीए या जीनच्या तपासणीत डिस्ट्रोफिनच्या जीनमधले ४८ ते ५० हे एक्सॉन, म्हणजे जीनचे तुकडे, गहाळ सापडले. ड्युशेन, म्हणजे डिस्ट्रोफिन न बनल्याने होणारी डिस्ट्रॉफी. पोराच्या मांडीवरचा चिरा फुकट गेला.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना सांगते, बायोप्सीसाठी डॉक्टरांचा फोन आला की आधी विचारा, जीनची तपासणी झाली का? ड्युशेनच्या दर तीन मुलांमागे साधारण दोघांत एक्सॉनच गळालेले असतात, तिथे रक्तावर भागतं. त्यात काही सापडलं नाही, किंवा लिंब-गर्डलचा, म्हणजे खांदे-कंबरेचे स्नायू धरणाऱ्या डिस्ट्रॉफीचा, संशय असला, की मग बायोप्सी.

आणि ती ठरली की थिएटरमध्ये स्वतः जा. पार वाळलेला स्नायू घेऊ देऊ नका, त्यात चरबीच मिळते. ईएमजीची (स्नायूंची विद्युत तपासणी) सुई टोचलेली बाजूही नको, टोचल्याची सूज आजार म्हणून वाचली जाते. तुकडा ज्यात गुंडाळायचा तो गॉज सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळायचा. ओलसर हवा, निथळता नको.

गोठवणं हा खरा कसब लागणारा भाग. तुकडा थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकला तर त्याभोवती वायूचा थर धरतो, गोठायला वेळ लागतो, आत बर्फाचे स्फटिक होतात आणि सेक्शन जाळीदार धिरड्यासारखं दिसतं. म्हणून स्टीलच्या भांड्यात आयसोपेंटेन हा द्रव घेऊन ते नायट्रोजनमध्ये धरायचं. तळाशी पांढरं गोठू लागलं, म्हणजे उणे १६० च्या आसपास आलं, की तुकडा आत. (आमच्याकडे नायट्रोजनचा कंटेनर म्हटलं की लोकांना म्हशीचं रेतन आठवतं. आमचा शिपाईसुद्धा पहिल्यांदा हसला होता.)

डिस्ट्रोफिन दिसलं नाही म्हणून लगेच ड्युशेन लिहू नका. शेजारच्या स्लाइडवर स्पेक्ट्रिन हे आवरणाचंच दुसरं प्रथिन बघा. तेही नसेल तर तंतूचं आवरणच खराब झालंय, दोष तुकड्याचा. उलट ड्युशेनमध्येही एखाददुसरा तंतू चमकतो, त्याने बिचकू नका.

मी फसले ती मात्र दुसरीकडे. बावीस वर्षांची मुलगी, पायांत अशक्तपणा, स्नायूत दाहाच्या पेशी. मी पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, लिहून मोकळी झाले. वर्षभर स्टिरॉइड झाले, चेहरा सुजला, जिना काही चढता येईना. गोठवलेला ब्लॉक जपून ठेवला होता, तो ड्राय आइसमध्ये घालून बंगळुरूला पाठवला. डिस्फर्लिन हे स्नायूचं प्रथिन अजिबात नव्हतं, म्हणजे ही डिस्ट्रॉफीच होती. आता त्या वयाच्या रुग्णात सूज दिसली, तरी तो स्टेन होईपर्यंत मी रिपोर्टवर सही करत नाही. न्यूरॉलॉजिस्ट कितीही घाई करोत.