स्क्रीन रीडरसाठी ब्राउझर निवडताय? या चुका टाळा

स्क्रीन रीडर म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, आणि एनव्हीडीए व जॉज हे विंडोजवरचे दोन स्क्रीन रीडर. "एनव्हीडीएसोबत कुठला ब्राउझर चांगला चालतो?" असं कुणी विचारलं की तीन जण तीन नावं सांगतात आणि गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतात. विंडोजवर आज क्रोम, एज आणि फायरफॉक्स हे तिन्ही एनव्हीडीए आणि जॉजबरोबर व्यवस्थित चालतात. वेबएम (WebAIM) या वेब ॲक्सेसिबिलिटीवर काम करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा जो सर्व्हे घेतला त्यात क्रोमवाले ५२.३ टक्के निघाले, एजवाले १९.३ आणि फायरफॉक्सवाले १६ टक्के. म्हणजे क्रोम पुढे आहे, पण जवळपास निम्मी जनता दुसरं काहीतरी वापरतेय आणि तिचंही बरं चाललंय. त्यामुळे माझं मत विचाराल तर "चांगला ब्राउझर कुठला" यात डोकं घालण्याआधी आपली अडचण नक्की कुठे आहे ते बघा, कारण बऱ्याचदा ब्राउझर बिचारा निर्दोष असतो आणि आपण उगाच तो काढून दुसरा टाकत बसतो.

पहिली आणि सगळ्यात कॉमन तक्रार: "ब्राउझर मराठी वाचत नाही." अहो, मराठी ब्राउझर वाचतच नाही, मराठी वाचतो तो आवाज म्हणजे सिंथेसायझर. भारतीय इंग्रजीचा आवाज लावलेला असेल आणि समोर देवनागरी आली तर तो आवाज गप्प बसतो किंवा फक्त आकडे आणि मधले इंग्रजी शब्द वाचून पुढे जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पानच रिकामं आहे. तपासायला सोपं आहे, तोच परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथेही शांतता असेल तर ब्राउझर बदलून काही होणार नाही, एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट + कंट्रोल + एस दाबून ईस्पीक हा सिंथेसायझर निवडा आणि व्हॉइस सेटिंगमध्ये मराठी घ्या. ईस्पीकचा आवाज यंत्रासारखा आहे हे मान्य, पण तो ळ खातही नाही आणि नेटशिवाय चालतो.

नोटपॅडमध्ये वाचतो पण साईटवर नाही, असं असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे साईट बनवणाऱ्याने पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवून ठेवलीये, आणि एनव्हीडीए आज्ञाधारकपणे मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज लावतो. स्पीच सेटिंगमध्ये "ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग" नावाचा चेकबॉक्स आहे, तो काढून बघा. दुसरी शक्यता जुन्या फॉन्टची. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पानं आणि पीडीएफ अजूनही पडून आहेत, डोळ्यांना मराठी दिसतं पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर "डॉलर, कंस, स्लॅश" असं काहीतरी बडबडतो. यावर कुठल्याच ब्राउझरकडे इलाज नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे एवढंच.

आता मोडचा घोळ, आणि इथे जरा थांबून समजून घ्या कारण "क्रोममध्ये टाइपच होत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. एनव्हीडीए वेब पानावर ब्राउझ मोडमध्ये असतो, तेव्हा अक्षरं टाइप होत नाहीत, ती शॉर्टकट असतात. समजा नावाच्या रकान्यापाशी बाणाच्या कीने आलात, एडिट असं ऐकू आलं आणि लगेच इंग्रजीत हेमंत टाइप करायला घेतलं. एच दाबल्यावर पुढच्या हेडिंगवर गेलात, ई ने पुढच्या एडिट बॉक्सवर, एम ने फ्रेमवर, एन ने लिंक नसलेल्या मजकुरावर, टी ने टेबलवर, आणि हेमंतराव फॉर्म सोडून भलतीकडेच पोचले. टॅबने रकान्यात आलात तर एनव्हीडीए आपणहून फोकस मोडमध्ये म्हणजे टाइप करायच्या मोडमध्ये जातो, बाणाने आलात तर एंटर दाबावा लागतो, मग "टक्" असा आवाज येतो, तो आवाज आला की टाइप करा. बाहेर यायला एस्केप. आणि साईटच अडेलतट्टू असेल तर इन्सर्ट + स्पेसने हाताने मोड बदला. जॉजमध्ये याच भानगडीला व्हर्च्युअल कर्सर म्हणतात, तो इन्सर्ट + झेडने चालू-बंद होतो.

याच्याच जवळची एक गोष्ट म्हणजे एफ ७. लिंक आणि हेडिंगची यादी काढायला इन्सर्ट + एफ ७ दाबायचं असतं, घाईत इन्सर्ट नीट दाबलं जात नाही आणि नुसतं एफ ७ लागतं. तिन्ही ब्राउझरमध्ये नुसतं एफ ७ म्हणजे कॅरेट ब्राउझिंग (पानावर कर्सर आणून बाणांनी फिरायची ब्राउझरची सोय), चालू करायचं का असं विचारतो आणि आपण न ऐकता एंटर मारतो. स्क्रीन रीडर असताना याची गरज नाही, उलट कर्सर विचित्र वागायला लागतो. परत एफ ७ दाबून बंद करा.

"फक्त क्रोममध्येच आवाज जातो, बाकी सगळीकडे बोलतो" असं कुणी सांगितलं की मी आधी स्लीप मोड विचारतो. इन्सर्ट + शिफ्ट + एस चुकून दाबलं गेलं की एनव्हीडीए फक्त त्याच प्रोग्रॅमपुरता झोपतो. तीच की त्याच प्रोग्रॅममध्ये पुन्हा दाबा (लॅपटॉप लेआउट असेल तर एसच्या जागी झेड). यासाठी लोकांनी क्रोम तीन-तीनदा अनइन्स्टॉल केलेलं ऐकलंय.

उलटं म्हणजे बोलतो पण नुसतं "अननोन" किंवा "पेन" (pane, म्हणजे खिडकीचा भाग) म्हणतो आणि आतलं काही सांगत नाही, असं झालं तर एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत कॉम रजिस्ट्रेशन फिक्सिंग टूल आहे, ते चालवून कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. फायरफॉक्सच्या बाबतीत अजून एक जागा बघायची. ॲड्रेस बारमध्ये अबाऊट, कोलन, सपोर्ट टाइप करा आणि खाली ॲक्सेसिबिलिटीचा भाग शोधा, तिथे ॲक्सेसिबिलिटी अडवून ठेवलेली दिसली तर कुणीतरी "स्पीड वाढवायच्या टिप्स" वाचून ती सेटिंग बंद केलीये हे समजून जा.

जुने सल्ले हा वेगळाच त्रास. "जॉज आहे ना, मग इंटरनेट एक्सप्लोरर वापर" असं सांगणारे अजून भेटतात, तर १५ जून २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा त्याचा सपोर्ट बंद केलाय. एखादं जुनं सरकारी पोर्टल फक्त त्याच्यातच उघडत असेल तर एजमध्ये आयई मोड (इंटरनेट एक्सप्लोररसारखं पान उघडायची सोय) आहे, तेवढ्यापुरता तो वापरा. दुसरा सल्ला "फायरफॉक्स स्क्रीन रीडरबरोबर रांगतो". हे नोव्हेंबर २०१७ ला खरं होतं, ५७ नंबरची क्वांटम आवृत्ती आली तेव्हा खरंच हाल झाले आणि बरेच लोक क्रोमकडे गेले ते गेलेच. पण २०२३ मध्ये ११३ आवृत्तीत फायरफॉक्सने ॲक्सेसिबिलिटीचं इंजिन नव्याने लिहिलं, त्या कामात एनव्हीडीए सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, जेम्स टेह, स्वतः होते, आणि मोठाली पानं आता बरीच पटकन उघडतात. तरी लोकांच्या तोंडी २०१७ च आहे.

विंडोज ७ अजून चालवत असाल तर क्रोम १०९ वरच थांबलंय आणि एनव्हीडीएसुद्धा २०२३.३.४ च्या पुढे जात नाही, तिथे नवीन साईट अडकली तर ब्राउझरची तुलना करण्यात अर्थ नाही, मशीनचं बघा.

एजमधलं रीड अलाउड म्हणजे स्क्रीन रीडर नव्हे, हेही सांगून टाकतो. कंट्रोल + शिफ्ट + यू दाबलं की छान मराठी आवाजात बातमी वाचतो, घरातल्या डोळस मंडळींना वाटतं झालं काम. पण तो बटण सांगत नाही, फॉर्म भरू देत नाही, कुठे आहात ते सांगत नाही. लेख ऐकायला उत्तम, बँकेचं काम करायला शून्य.

मग निवडायचं कसं? दोन ब्राउझर ठेवा, एक रोजचा आणि एक अडीअडचणीचा. माझ्या मते जाहिरातींनी भरलेल्या बातम्यांच्या साईटसाठी फायरफॉक्स बरा, कारण यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्यात अजून पूर्ण ताकदीने चालतं आणि जाहिरातींच्या फ्रेम गेल्या की निम्मी कटकट जाते. बँक, तिकीट, सरकारी फॉर्म यासाठी क्रोम किंवा एज, साईटवाले टेस्टिंग बहुधा तिथेच करतात. एखादं बटण दोन्हीकडे "बटण" एवढंच बोललं, नाव नाही, तर दोष साईटचा, त्यांना लिहून कळवा आणि कळवताना ब्राउझर, स्क्रीन रीडर आणि दोघांच्या आवृत्त्या लिहा, नाहीतर "आमच्याकडे चालतंय" हे उत्तर ठरलेलं.

मोबाइलचं थोडक्यात. अँड्रॉइडवर टॉकबॅक (तिथला स्क्रीन रीडर) आणि क्रोम ही जोडी पुरते. फक्त फेसबुकच्या आतच लिंक उघडली आणि फोकस उड्या मारायला लागला तर मेनूतून ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. आयफोनवर ब्राउझर बदलून फार फरक पडेल असं समजू नका, भारतात तिथे क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचंच असतं, त्यामुळे एखादं पान व्हॉइसओव्हरला (आयफोनच्या स्क्रीन रीडरला) सफारीत नीट वाचता येत नसेल तर बाकीच्यांतही बहुतेक तसंच होईल.