पाटे काढून लिंक बसवताना: ऑफ-रोड पिकअपसाठी सस्पेन्शनची निवड

पावसाळ्यात इंदूरहून महू ओलांडून जाम गेट किंवा चोरलच्या बाजूला गाडी न्यायची, तर आधी डांबरी रस्ता, मग माळव्याची चिकट काळी माती आणि शेवटी विंध्याच्या उतारावरचे दगड असे तिन्ही एकाच दिवशी वाट्याला येतात. आपली पिकअप ट्रेलरवर न चढवता स्वतःच्या चाकांवर तिथवर जाऊन परत येणार असेल, तर लिंक सस्पेन्शनची (पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि एक्सलला चासीशी जोडणारे दांडे, म्हणजे लिंक) निवड या पूर्ण प्रवासाकडे पाहून करावी. केवळ दगडावर चाक किती लोंबते एवढे पाहून ती करू नये.

पाटा (लीफ स्प्रिंग) एकाच वेळी तीन कामे करतो: वजन पेलतो, एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही आणि बाजूलाही जाऊ देत नाही. त्याच्या जागी कॉइल स्प्रिंग आली की ती फक्त वजन पेलते, बाकीची सगळी जबाबदारी लिंकवर येते. म्हणून ज्या गाडीत आठवड्यातले चार दिवस माल भरला जातो, तिचे मागचे पाटे काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रिकाम्या गाडीला मऊ वाटणारी कॉइल पाचशे किलोखाली बसून जाते.

मागच्या एक्सलसाठी मी आधी तिरप्या चार लिंकचा विचार करतो. यात खालच्या दोन लिंक जवळजवळ सरळ असतात आणि वरच्या दोन डिफरेन्शियलच्या दिशेने एकमेकींजवळ येतात, त्यामुळे एक्सल बाजूला सरकत नाही व पॅनहार्ड रॉडची (एक्सलला आडवे चासीशी बांधणाऱ्या दांड्याची) गरज उरत नाही. मात्र त्यासाठी डिफरेन्शियलच्या वर मोकळी जागा लागते, आणि नेमकी तिथेच टाकी किंवा सायलेन्सरचा पाइप असतो. जागा नसेल तर चार समांतर लिंक आणि पॅनहार्ड रॉड हा प्रामाणिक पर्याय आहे. रॉड जितका लांब आणि आडवा तितका चांगला: 80 सेंटीमीटरचा आडवा रॉड एक्सल 10 सेंटीमीटर वर गेल्यावर त्याला सुमारे 6 मिलिमीटर बाजूला ओढतो, पण 20 सेंटीमीटरला हेच ओढणे 25 मिलिमीटरवर जाते.

पुढच्या बाजूला सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड एक्सल) असेल तर तीन लिंक आणि पॅनहार्ड हीच रचना घ्यावी. पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) यांची लांबी व तिरपेपणा शक्य तितका सारखा हवा, म्हणजे दोन्ही एकाच कमानीत फिरतात. माझ्या पहिल्या गाडीत वर्कशॉपने रॉड आडवा बसवला, पण ड्रॅग लिंक तिरकीच ठेवली; घाटात प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हातातल्या हातात फिरत असे आणि शेवटी चासीवरचे ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड करावे लागले. दोन मोठ्या रेडियस आर्मची (प्रत्येक बाजूला एकच, एक्सलला दोन ठिकाणी बोल्ट केलेला जाड दांडा) रचना बसवायला सर्वांत सोपी, पण एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की त्यांचे बुश पिळले जातात आणि एक्सल अडतो.

पाइप कापण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करून ओळंब्याने एक्सल, चासी आणि लिंकच्या टोकांच्या जागा खडूने उतरवून घ्याव्यात. मग बाजूने पाहता वरच्या व खालच्या लिंकच्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू शोधावा. मागच्या टायरच्या जमिनीवरच्या टेकणीपासून त्या बिंदूतून निघालेली रेषा पुढच्या एक्सलच्या वर ज्या उंचीला पोहोचते, तिला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की अँटी-स्क्वॅट, म्हणजे वेग देताना मागचा भाग खाली बसण्याला होणारा विरोध, मिळतो. तो फार जास्त झाला तर चढावर ॲक्सिलरेटर देताच मागचा भाग उचलला जातो आणि चाके उड्या मारतात. मी तो 100 टक्क्यांच्या आतच ठेवतो. यानंतर कॉइल काढून जॅकने एक्सल पूर्ण वर-खाली हलवावा: पाइप कुठे घासतो, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस कुठे अडतो आणि ब्रेकची होज कुठे ताणली जाते, हे तेव्हाच दिसते. या कामात घालवलेली एक दुपार कधीही वाया जात नाही.

जॉइंटच्या बाबतीत चासीकडे रबरी बुश आणि एक्सलकडे गोल फिरणारा जॉइंट हा मेळ रस्त्यावर आवाज कमी करतो. दोन्ही टोकांना लोखंडी रॉड एंड (रबराशिवाय धातूवर धातू फिरणारे जॉइंट) बसवले तर काळ्या मातीच्या चिखलात ते लवकर झिजतात. खालच्या लिंक दगडावर आपटतात, म्हणून त्यांना जाड भिंतीचा सीमलेस पाइपच घ्यावा.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतील बदलांवर बंधने आहेत, त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारणा करावी.

शेवटी, बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना घट्ट करू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे पूर्ण वजन पडल्यावरच ते पूर्ण आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांतच फाटते.