दोन मोटरींचा मोशन सिम्युलेटर घरी बनवताना या चुका टाळा

रेसिंग गेमसाठी घरी हलणारी खुर्ची बनवणारे बहुतेक जण एकाच रचनेपासून सुरुवात करतात. खुर्ची मधोमध एका युनिव्हर्सल जॉइंटवर टेकलेली असते. मागे डाव्या-उजव्या बाजूला १२ व्होल्टच्या दोन गिअर मोटरी (बहुधा गाडीच्या वायपरच्या), प्रत्येकीच्या शाफ्टवर क्रँक, म्हणजे शाफ्टसोबत फिरणारा आडवा हात, आणि क्रँकपासून खुर्चीच्या फ्रेमपर्यंत एकेक रॉड. दोन्ही मोटरी एका दिशेने चालल्या की खुर्ची पुढे-मागे झुकते, विरुद्ध दिशेने चालल्या की डावी-उजवीकडे. डोकं म्हणून आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यात मोटरी सांभाळणारं एसएमसी३ फर्मवेअर, आणि कॉम्प्युटरवर गेममधली हालचाल बोर्डाला कळवणारं सिमटूल्स सॉफ्टवेअर. रचना चांगली आहे, स्वस्त आहे आणि नीट जमली तर गाडीचं वजन अंगावर जाणवतं. सहा पायांच्या प्लॅटफॉर्मचे व्हिडिओ पाहून थेट तिथे उडी मारू नका. दोन मोटरी ज्याला शांत चालवता येत नाहीत त्याला सहा मोटरी सहापट त्रास देतात.

फीडबॅक उलटा असताना मोटर जोडणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं, आणि ती टाळायला अर्धा तास पुरतो. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होताना बघून वाईट वाटतं.

मोटरच्या शाफ्टवरचा पोटेन्शिओमीटर क्रँक कुठे आहे ते सांगतो; हाच फीडबॅक. आर्डुइनो ते ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. मध्य ५१२. समजा क्रँक ४३० वर आहे आणि त्याला मध्यावर यायचं आहे. कंट्रोलर आकडा वाढेल अशा दिशेने मोटर फिरवतो. मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या असतील तर आकडा वाढण्याऐवजी कमी होतो, ४००, ३५०. चूक वाढली म्हणून कंट्रोलर जोर वाढवतो, जोर वाढला म्हणून चूक आणखी वाढते. क्षणार्धात मोटर पूर्ण ताकदीने चुकीच्या दिशेने पळत असते.

प्रसंग नेहमी असाच घडतो. वेल्डिंग झालेलं असतं, रंगही दिलेला असतो, रॉड जोडलेले असतात आणि घरातलं कोणीतरी उत्साहाने खुर्चीत बसलेलं असतं. बटण दाबल्यावर एक बाजू झटक्यात वर जाते. क्रँक मृतबिंदू (क्रँक आणि रॉड एका रेषेत येतात ती जागा) ओलांडून पलीकडे जातो आणि रॉड तिरका अडकून वाकतो. पोटेन्शिओमीटर आपल्या शेवटच्या टोकाला पोचतो, पण मोटर थांबत नाही, त्यामुळे त्याची दांडी मोडते किंवा पट्टीसकट तो उखडतो. आता आकडा एकाच जागी अडकलेला, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी मोटर अजून पोचलेलीच नाही. चालवणारा लॅपटॉपवर माउस शोधत असतो, कारण बंद करायचं बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं.

पहिली चाचणी म्हणून अशी घ्या. रॉड पूर्ण काढून ठेवा, क्रँक मोकळा फिरू द्या. मोटरच्या पुरवठ्यात गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब मालिकेत लावा. मोटर अडकली तरी साडेचार अँपिअरच्या आसपासच करंट जातो, आणि बल्ब पेटला की गडबड लगेच दिसते. पुरवठा बंद ठेवून क्रँक हाताने फिरवा. वर्म गिअरमुळे तो हलत नसेल तर पोटेन्शिओमीटरची दांडी सोडवून तीच फिरवा. स्क्रीनवर आकडा सरळ वाढतो का, मध्ये उड्या मारतो का, ते बघा. मग पुरवठा सुरू करा. मोटर ५१२ कडे आली तर जोडणी बरोबर. पळून गेली तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा, किंवा पोटेन्शिओमीटरच्या बाहेरच्या दोन. दोन्ही एकदम बदलू नका, पुन्हा मूळपदावर याल. दुसऱ्या मोटरीसाठी हे सगळं स्वतंत्र करा; पहिली बरोबर निघाली म्हणून दुसरी बरोबर असते असं नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. आर्डुइनोच्या प्रत्येक वापरातल्या अ‍ॅनालॉग पिनपासून ग्राउंडपर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर टाका. पोटेन्शिओमीटरची मधली किंवा पाच व्होल्टची वायर तुटली तर आकडा शून्याकडे जातो, ग्राउंडची तुटली तर १०२३ कडे. एसएमसी३ च्या सेटिंगमध्ये मॅक्स लिमिट, म्हणजे आकडा जिच्या बाहेर गेला की मोटर बंद करायची ती मर्यादा, नीट ठेवली असेल तर दोन्ही वेळी मोटर आपोआप बंद पडते. रेझिस्टर नसेल तर तुटलेली वायर हवेतला कुठलाही आकडा दाखवते आणि मोटर त्याच्यामागे धावते. या रेझिस्टरची किंमत रुपयाच्या घरात आहे. सेटिंग बदलल्यावर सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर आर्डुइनो पुन्हा सुरू झाला की जुनंच सेटिंग येतं.

वजनाचा तोल मोटरीवर ढकलणं

"मोटर कमी पडतेय, मोठी कुठली घेऊ?" असं विचारणाऱ्या बहुतेकांची मोटर पुरेशी असते. खुर्ची चुकीच्या जागी टेकलेली असते.

हिशोब करून बघा. माणूस ७५ किलो, सीट आणि फ्रेम मिळून २५, स्टिअरिंग आणि पेडल १०. एकूण ११० किलो. हे सगळं वजन मधल्या जॉइंटच्या १० सेंटिमीटर मागे पडत असेल, तर नुसतं स्थिर उभं राहण्यासाठी सुमारे १०८ न्यूटन मीटरचा भार तोलावा लागतो. रॉड जॉइंटपासून ४० सेंटिमीटर मागे असतील तर दोन्ही मिळून २७० न्यूटन, म्हणजे प्रत्येकी १३५. क्रँक ४० मिलिमीटरचा असेल तर प्रत्येक मोटरीवर ५.४ न्यूटन मीटर, खुर्ची हलायच्या आधीच. क्रँक ६० चा केला तर ८.१. गेम सुरू झाल्यावर लागणारा जोर यावर आणखी. वायपर मोटरीच्या पाट्यांवर आणि जाहिरातींमध्ये दिसणारा मोठा आकडा बहुधा अडकलेल्या अवस्थेतला असतो. तेवढ्या भारावर मोटर सतत चालवली तर ती जळते.

तेच वजन जॉइंटच्या २ सेंटिमीटरच्या आत आणलं तर हा स्थिर भार पाचव्या हिश्श्यावर येतो. त्यासाठी सीट रुळांवर बसवा आणि फ्रेमला आधीच लांबट खाचा पाडून ठेवा. रॉड काढा, ज्याने चालवायचं आहे त्याला बसवा, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. दोन जणांनी फ्रेम धरायची आणि हळूहळू सोडत बघायचं. ज्या बाजूला ती पडते त्याच्या उलट बाजूला सीट सरकवा. दोन बोटांनी धरून राहता आलं की पुरे. घरात चालवणारे दोघं असतील आणि वजनात फार फरक असेल तर प्रत्येकाची खूण रुळावर करून ठेवा.

लांब क्रँकचा मोह टाळा. ४० सेंटिमीटरवर ४० मिलिमीटरचा क्रँक खुर्ची दोन्ही बाजूंना जवळपास पावणेसहा अंश झुकवतो. ऐकायला कमी वाटतं, बसल्यावर भरपूर असतं. जास्त कोन मिळवण्याच्या नादात वेग आणि धार जाते, आणि शरीराला पटते ती धारच. रस्त्यावरचा खडबडीतपणा, गिअरचा झटका, ब्रेकचा पहिला क्षण हे सगळं छोट्या आणि वेगवान हालचालींत असतं.

विजेच्या बाजूच्या चुका

वायपर मोटर कुर्ल्याच्या भंगारातून घ्या नाहीतर नवी, आधी मल्टिमीटरने बॉडी तपासा. बऱ्याच वायपर मोटरींचा निगेटिव्ह बॉडीतूनच जातो. एच-ब्रिज, म्हणजे मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं सर्किट, मोटर उलट फिरवतो तेव्हा तीच बॉडी पॉझिटिव्ह होते. अशा दोन मोटरी एका लोखंडी फ्रेमवर घट्ट बसवल्या की शॉर्ट झालाच. मोटर उघडून ब्रश बॉडीपासून वेगळा करता येत असेल तर करा, नाहीतर दुसरी घ्या. रबर वॉशर लावून इन्सुलेट करण्याचा उपाय थरथरीत टिकत नाही.

एच-ब्रिज म्हणून वापरतात त्या बीटीएस७९६० च्या मॉड्यूलवर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं. तो चिपच्या करंट-मर्यादेचा आकडा आहे. मागे लावलेल्या छोट्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर एवढा करंट सतत चालत नाही. प्रत्येक मॉड्यूलवर पंखा हवाच.

सर्व्हर कॉम्प्युटरमधून काढलेले १२ व्होल्टचे दोन पॉवर सप्लाय मालिकेत जोडून २४ व्होल्ट करणाऱ्यांनी थांबावं. अशा सप्लायमध्ये निगेटिव्ह बहुधा बॉडीला आणि अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे दुसरा सप्लाय थेट शॉर्ट होतो. त्यावर अर्थिंगची पिन कापून टाकणं हा उपाय धोक्याचा आहे. सरळ २४ व्होल्टचाच सप्लाय घ्या.

जोरात ब्रेक लागून खुर्ची झटक्यात दिशा बदलते तेव्हा सप्लाय बंद पडतो? मोटर त्या क्षणी जनरेटर होते आणि व्होल्टेज वर ढकलते, म्हणून सप्लाय स्वतःला वाचवतो. १२ व्होल्टच्या रचनेत आउटपुटला समांतर मोठे कपॅसिटर लावले तर थोडा फरक पडतो. खात्रीचा उपाय म्हणजे ठराविक व्होल्टेजच्या वर चालू होऊन जादा वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेक रेझिस्टर.

इमर्जन्सी स्टॉप

लाल बटणाने मोटरींचा पुरवठा तुटला पाहिजे. यूएसबी काढून किंवा सॉफ्टवेअर बंद करून मोटर थांबेल या भरवशावर राहू नका. बटणाने डीसीसाठी रेटिंग असलेला काँटॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) सोडवायचा. स्कूटरचा स्टार्टर रिले स्वस्त म्हणून लावतात, पण त्याची कॉइल काही सेकंदांसाठीच बनलेली असते. सतत चालू ठेवली की तापून जळते.

काँटॅक्टर लॅच पद्धतीने जोडा, म्हणजे वीज गेली की तो सुटेल आणि हाताने स्टार्ट दाबल्याशिवाय परत लागणार नाही. आपल्याकडे वीज कधीही जाते आणि कधीही येते. ती परत येते तेव्हा कोणीतरी फ्रेमखाली हात घालून बोल्ट बघत असेल. बटण चालवणाऱ्याच्या हाताशी एक आणि बाहेर उभ्या माणसासाठी एक, दोन्ही मालिकेत. लहान मुलं घरात असतील तर खाली चारही बाजूंना जाळी लावल्याशिवाय चालवूच नका.

बाकीच्या, थोडक्यात

पोटेन्शिओमीटर बी१०के घ्या. ए१०के लॉगरिदमिक असतो, त्यावर खुर्ची एका बाजूला आळशी आणि दुसऱ्या बाजूला हिसकेबाज होते.

क्रँक शाफ्टवर नुसत्या ग्रब स्क्रूने (शाफ्टवर आवळायच्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) धरू नका, तो घसरतो. वायपर मोटरीचा मूळ हात वापरा आणि त्यालाच पट्टी वेल्ड करा. वेल्ड मात्र मोटरीवरून हात काढून करा, आतला प्लॅस्टिकचा गिअर वितळतो.

मधल्या जॉइंटसाठी मारुती ओम्नीच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस छान चालतो. ढिला, वापरलेला घेऊ नका. तिथला अर्धा मिलिमीटरचा खेळ डोक्यापाशी ठोका म्हणून जाणवतो.

रॉड एंडला लॉकनट हवा, बोल्ट ८.८ ग्रेडचे हवेत. गेटच्या कामाचे बोल्ट इथे नकोत.

पीआयडी, म्हणजे चुकीच्या प्रमाणात मोटरीचा जोर ठरवणारी सेटिंग, लावताना तिच्या तीन आकड्यांपैकी केआय आणि केडी शून्यावर ठेवून फक्त केपी वाढवा. खुर्ची थरथरू लागली की थोडं मागे या, मग केडी. दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मचे आकडे उचलून टाकणारे महिनोनमहिने थरथरीशी झगडत राहतात, कारण वजन, गिअर आणि क्रँक वेगळे असतात.

सिमटूल्समध्ये आर्डुइनोचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) ५००००० ठेवा. दिशा तपासा: ब्रेक लावला की खुर्ची पुढे झुकली पाहिजे, उजव्या वळणावर डावीकडे. एखादी दिशा उलट राहिली तर डोळे एक सांगतात आणि तोल सांभाळणारे कान दुसरं, मग मळमळ सुरू होते आणि लोक स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) वाढवत बसतात. स्मूदिंगने उशीर वाढतो आणि मळमळही. आधी दिशा दुरुस्त करा.