सोन्याची आगगाडी शोधायला निघालात? आधी या चुका टाळा

2015 च्या ऑगस्टमध्ये आमच्या निवृत्त स्टेशन मास्तरांच्या ग्रुपवर एक बातमी आली आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप सुरू झाला. पोलंडमधल्या वाउब्झिख शहराजवळ दोघांना, एक पोलिश आणि एक जर्मन, नाझींची सोन्यानं भरलेली आगगाडी सापडली म्हणे. जमिनीखाली, बोगद्यात, जशीच्या तशी. त्यांनी वकिलामार्फत सरकारला कळवलं आणि जागा दाखवायच्या बदल्यात मालाच्या किमतीचे 10 टक्के मागितले. तिथल्या सांस्कृतिक खात्याच्या उपमंत्र्यानं पत्रकारांसमोर सांगितलं की गाडी असल्याची आपल्याला 99 टक्क्यांहून जास्त खात्री आहे. मग काय, पेवच फुटलं. तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला एक नवी गाडी पाठवतं. कधी पोलंडची, कधी फिलिपिन्सच्या गुहेतली, कधी ऑस्ट्रियाच्या तळ्यातली. खाली हमखास लिहिलेलं असतं, "काका, तुम्ही रेल्वेत होतात ना? तुमचं काय मत?"

मत देऊन देऊन जीभ झिजली. म्हणून त्याच त्याच चुका एकदा लिहूनच काढतो.

चूक पहिली : आगगाडीला बैलगाडी समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मला सहन होत नाही. गोष्ट अशी सांगतात : 1945 च्या सुरुवातीला रशियन फौजा जवळ आल्या, तेव्हा ब्रेस्लाउहून (आजचं व्रोत्सवाफ) एक गाडी सोनं घेऊन निघाली, वाल्डेनबुर्गला म्हणजे आजच्या वाउब्झिखला पोचायची होती, आणि मधेच गायब झाली.

गायब कशी होईल? बैलगाडी रात्री आडवाटेला वळवता येते. आगगाडी रुळावरून जाते, आणि रूळ जिथं नेतात तिथंच जाते. मागच्या स्टेशननं पुढच्याकडून लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची परवानगी, घेतल्याशिवाय ती हलत नाही. ती सुटली की सुटल्याची वेळ रजिस्टरात, पोचली की पोचल्याची वेळ रजिस्टरात. पुढचा मास्तर वाट बघत असतो, कारण ही गाडी आल्याशिवाय त्याला मागची दुसरी घेता येत नाही. ड्रायव्हर असतो, गार्ड असतो, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे बदलणारा पॉइंट्समन असतो. त्यांच्या घरी बायका जेवण झाकून बसलेल्या असतात. लढाईच्या धामधुमीत रजिस्टरं जळाली असतील, कबूल. पण माणसं विचारतात. माझा पहिला प्रश्न म्हणून नेहमी हाच : या गाडीची चौकशी कोणी केली?

हे मी शिकलो 1979 साली. गावाचं नाव नको, पण मी तेव्हा घाटाखालच्या एका लहान स्टेशनवर होतो. पितळी भांड्यांच्या पेट्यांनी भरलेली एक बंद वॅगन आमच्या सेक्शनमध्ये हरवली. हसू नका, तेव्हा वॅगना खरंच हरवत. ज्या व्यापाऱ्याचा माल होता तो रोज तार करायचा. वरून रोज फोन यायचा. यार्डात नंबर टिपून घेणारा नंबरटेकर देवाशपथ सांगायचा की असली वॅगन आपण पाहिलीच नाही. चोरी झाली, वॅगन कापून भंगारात विकली, कुणी सामील आहे, अशा कथा चहाच्या टपरीपर्यंत गेल्या. एका क्लार्कनं तर त्या पेट्यांत भांडी नव्हतीच, दुसरंच काहीतरी होतं, इथवर मजल मारली. पंधरा दिवसांत पितळेचं सोनं झालं होतं!

त्रेचाळिसाव्या दिवशी आमचा कीमन, जो रोज पहाटे हातोडा घेऊन रुळाच्या चाव्या ठोकत सात-आठ किलोमीटर चालायचा, तो कट्ट्यावर टेकला आणि म्हणाला, "सायेब, वीटभट्टीमागच्या सायडिंगला एक डबा उभा हाय, त्यो कवा नेणार? त्याच्याखाली कुत्री व्यालीय." मी धावतच गेलो. बाभळीच्या फांद्या दारावर टेकलेल्या, सील शाबूत, आणि चाकाच्या सावलीत पाच पिल्लं. हॉट ॲक्सल झाला, म्हणजे चाकाचा आस तापला म्हणून कुणीतरी वॅगन काढून तिथं ढकलली होती आणि खडूनं नंबर उतरवताना 3 चा 8 केला होता. कागदावर ती वॅगन नव्हतीच. कीमन मात्र ती रोज बघत होता, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आता हेच वाउब्झिखला लावा. जागा सांगितली होती ती व्रोत्सवाफहून येणाऱ्या चालू लाइनला लागून, 65 व्या किलोमीटरच्या आसपास. आडरान नाही ते. मेन लाइनवरून बोगद्यात गाडी घालायची तर आधी सांधा बसवावा लागतो, मग वळण, मग रूळ, खडी, बोगद्याचं तोंड. नंतर हे सगळं उखडून, बुजवून, वर झाडं उगवावी लागतात. आणि ही लाइन युद्धाआधीच विजेवर चालत होती. 1945 नंतर सोव्हिएत फौजांनी तिथल्या विजेच्या तारा, खांब, इंजिनंसुद्धा उचलून नेली. तांब्याची तार सोडली नाही ज्यांनी, ते खांबाखांबाला थांबत त्या लाइनवरून गेले. त्यांच्यानंतर सत्तर वर्षं रुळाची देखभाल करणारे तिथले गँगमन चालले. त्यांच्यातल्या कुणालाच बुजवलेला सांधा दिसला नाही?

माझी सवय सांगतो. असली बातमी आली की मी एक पाठकोरा कागद घेतो. डाव्या बाजूला लिहितो, ही गाडी चालवायला किती जणांचे हात लागले असतील. उजव्या बाजूला, त्यातल्या कोणी काही बोललं का. डावी बाजू भरत जाते आणि उजवी कोरी राहते. दहा मिनिटांचं काम आहे. पण नव्या पोरांना दहा मिनिटं कुठली, त्यांना आधी थंबनेल लागतो.

चूक : "मरताना सांगितलं"

वाउब्झिखच्या वेळीही मृत्युशय्येवरची कबुली होतीच. मरणारा माणूस खोटं बोलत नसेलही, पण त्याचं बोलणं आपल्याला सांगणारा जिवंत असतो.

चूक : रडारचं चित्र म्हणजे फोटो समजणं

ही तिसरी. हिच्यावर माझा भाचा जास्त चिडतो. तो रस्त्याखालचे पाइप आणि केबल शोधायला जमिनीत पाहणारं रडार ढकलत फिरतो. यंत्र बाबागाडीसारखं दिसतं. तो म्हणतो, "मामा, माझ्या यंत्राला पाइप दिसत नाही. त्याला फरक दिसतो." लहर खाली जाते, मातीचा प्रकार बदलला की थोडी परत येते, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतात. ती लहर मातीत किती वेगानं जाते हे आपण धरून चालतो. माती ओली निघाली की सगळं गणित चुकतं. चिकणमाती तर लहर गिळूनच टाकते, आपल्या काळ्या रानात दोन-चार फुटांखाली पडदा नुसता खरवडल्यासारखा दिसतो. आणि ते लाल-निळे रंग? ते सॉफ्टवेअरमध्ये आपणच निवडायचे. गाडी हवी असेल तर गाडीसारखे रंग निवडता येतात.

त्याला एकदा सोलापूरकडच्या एका जुन्या वाड्यात बोलावलं होतं. मालकाचे आजोबा सात रांजणांची गोष्ट सांगायचे. पांढरीच्या कोरड्या मातीत पडद्यावर झकास कमान उमटली. भाचा म्हणाला, पोकळी आहे, एवढंच सांगतो. मालकाला पुढचं ऐकूच आलं नाही. त्यानं नारळ फोडला, चार मजूर लावले, गावाला चहा पाजला. आठ फुटांवर दगडी तोंड लागलं आणि सगळे ओरडले. आत कंदील सोडला तर धान्य साठवायचं जुनं पेव. तळाला मूठभर काळी पडलेली ज्वारी. मालकानं ती हातात घेऊन वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाला, "अजून खाली बघा." खाली मुरूम होता.

पोलंडमध्ये तेच झालं, फक्त खर्च मोठा. क्राकूफच्या खाण आणि धातुशास्त्र विद्यापीठाच्या भूभौतिक तज्ज्ञांनी त्याच जागी एकाहून जास्त पद्धतींनी मोजणी केली. त्यात चुंबकीय मोजणीही होती, कारण सोनं चुंबकाला दाद देत नसलं तरी शेकडो टन लोखंडाची गाडी देते. 2015 च्या डिसेंबरात त्यांनी सांगितलं की बोगदा कदाचित असेल, गाडी नाही. शोधकर्त्यांना पटलं नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी यंत्रं लावून आठवडाभर खणलं. गाडी नाही, बोगदा नाही, रुळाचा तुकडासुद्धा नाही. रडारवर दिसलेले आकार हिमयुगातल्या नैसर्गिक थरांचे निघाले.

भाच्याचा नियम असा : एका यंत्रानं दिसलेलं दुसऱ्या जातीच्या यंत्रानं दिसल्याशिवाय मालकाला पडदा दाखवायचाच नाही. त्यानं हा नियम त्या ज्वारीनंतर केला.

चूक : वजन न काढणं

त्या गाडीत 300 टन सोनं, असं लोक 300 पोती तांदूळ म्हटल्यासारखं म्हणतात. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. 300 टन म्हणजे साडेपंधरा घनमीटर. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत जेमतेम साडेपाच फुटांपर्यंत येईल. पण त्या काळच्या मालडब्यात 20 टन घातलं तर तळाला जेमतेम दोन इंचांचा थर होतो, फरशी अंथरल्यासारखा, आणि डबा भरला! सिनेमात छतापर्यंत रचलेल्या विटा बघता ना, तसला डबा स्टेशन सोडायच्या आत बसला असता.

चूक : खरं सोनं कसं सापडलं ते न वाचणं

नाझींनी सोनं लपवलं नाही असं मी कुठं म्हणतो? 1945 च्या फेब्रुवारीत बर्लिनवर जबर बॉम्बफेक झाली, तेव्हा राइशबँकेनं, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनं, आपलं बरंचसं सोनं रेल्वेनंच मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीत हलवलं. शंभर टनांच्या आसपास. एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य त्या भागात शिरलं आणि दोन दिवसांत मिलिटरी पोलिसांना रस्त्यात भेटलेल्या दोन विस्थापित फ्रेंच बायकांनी सांगून टाकलं, त्या तिथल्या खाणीत सोनं आहे. 12 एप्रिलला खुद्द सरसेनापती आयझेनहॉवर लिफ्टनं खाली उतरले. विटा मोजल्या, यादीशी ताडल्या. जगातलं एवढं मोठं गुपित दोन महिने टिकलं नाही.

इतकं लांब कशाला? आपल्या मुंबईतच बघा. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकिन' जहाज. आत सुमारे 1,400 टन दारूगोळा, शिवाय कापसाच्या गासड्या, आणि 31 पेट्यांत प्रत्येकी चार सोन्याच्या विटा. कापूस पेटला आणि जहाज फुटलं. शेकडो माणसं मेली. विटा आकाशात उडाल्या. एक वीट जवळजवळ मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. पुढची कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना विटा निघत राहिल्या, आणि निघाली की ती कुठली हे कळायचं, कारण किती होत्या हे लिहिलेलं होतं. लढाईतलं सोनं असं असतं. त्याला पेटी असते, आकडा असतो, आणि मागून विचारणारा असतो.

चूक : मालक कोण हे विसरणं

ही चूक सांगताना मला चेष्टा सुचत नाही. सोन्याची गाडी एक खरोखर होती, हंगेरीची. तिथल्या ज्यूंकडून हिसकावलेल्या वस्तू भरून ती 1945 मध्ये पश्चिमेकडे निघाली आणि ऑस्ट्रियात अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आली. गालिचे, चांदीची भांडी, घड्याळं, फरचे कोट, लग्नाच्या अंगठ्या. काही वस्तू अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपली घरं सजवायला नेल्या. माल कुणाकुणाचा हे सांगता येत नाही, असं कारण देऊन बहुतेक वस्तू मूळ घरांत परत गेल्याच नाहीत. वाचलेल्या लोकांनी मात्र विचारणं सोडलं नाही, आणि 2005 साली अमेरिकी सरकारनं अडीच कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊन तडजोड केली. साठ वर्षं चौकशी चालू होती त्या गाडीची.

वाउब्झिखजवळच्या घुबड-डोंगरातही बोगदे खरे आहेत. 'रीझे' नावाचा तो प्रकल्प नाझींनी ग्रोस-रोझेन छळछावणीच्या कैद्यांकडून खोदून घेतला, हजारोंनी जीव गेले. आज तिथं तिकीट काढून आत जाता येतं. आत जाऊन पहिला प्रश्न "सोनं कुठंय?" असा विचारणारे व्हिडिओ मी पुढे पाठवत नाही.

किरकोळ

तळ्यात नाझी खजिना म्हणून ऑस्ट्रियातल्या टोप्लिट्झ तळ्याचं नाव घेताना हेही सांगा की 1959 मध्ये तिथून निघाल्या त्या ब्रिटिश पौंडांच्या बनावट नोटा.

मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यांवर फिरू नका. आपल्याकडे 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

उपमंत्र्यानं 99 टक्के म्हटलं की उरलेल्या एका टक्क्याची चौकशी करा.

धीर धरा. वाउब्झिखच्या त्या दोघांपैकी एकाला पुढं 2019 मध्ये एका जुन्या महालाची दुरुस्ती करताना प्लास्टरमागं सोळाव्या शतकातली चोवीस चित्रं सापडली. तिथं रडार नव्हतं, तो भिंत खरवडत होता.

आणि मला यापुढं गाडीचा व्हिडिओ पाठवायचाच असेल तर सोबत वॅगन नंबर लिहा. 3 आणि 8 नीट काढा.