स्क्वॉडमधली टिंगल आणि नैतिकतेचे वाद: नागपुरातल्या गेमिंग ग्रुपच्या ॲडमिनसाठी

रात्री अकराच्या पुढे नागपुरातल्या कुठल्याही बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा नेमबाजीचा गेम) स्क्वॉडच्या, म्हणजे चौघांच्या टोळीच्या, माइकवर कान द्या, गोळीबारापेक्षा टोमणे जास्त ऐकू येतील. ‘काय बे, पोचिंकीत उतरला अन् डायरेक्ट क्रेट झाला?’ ‘स्मोक दुश्मनाले टाकून देतं का भाऊ?’ ‘गाडी चालवून राहिला का संत्र्याचा ट्रक?’ (पोचिंकी हे गेममधलं गाव, आणि मेलेल्या खेळाडूचं सामान राहतं ती पेटी म्हणजे क्रेट.) ग्रुपचा जीव या टिंगलीतच असतो. ती बंद पाडणाऱ्या ॲडमिनचा ग्रुप ओस पडतो, आणि मोकाट सोडणाऱ्याच्या ग्रुपचे लवकरच दोन तुकडे होतात. ज्यांच्याकडे वीस ते दोनशे माणसांचा डिस्कॉर्ड सर्व्हर किंवा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

टोमणा कशावर मारायचा

नियम एका ओळीचा ठेवा: जे स्क्रीनवर दिसलं त्यावर बोला. कुठे उतरला, सर्कल (खेळायची जागा आवळत आणणारं वर्तुळ) बंद होत असताना लूट करत बसला, नेम चुकला, ग्रेनेड स्वतःच्याच पायाशी फुटला, या गोष्टी खेळाडूच्या हातातल्या असतात आणि पुढच्या सामन्यात सुधारता येतात. म्हणून त्यावरचं बोलणं सहसा लागत नाही. स्क्रीनच्या बाहेरचं सगळं वर्ज्य: घर, शिक्षण, नोकरी, शरीर, आवाज, जात, धर्म.

यात एक गोष्ट बहुतेक ग्रुप विसरतात, ती म्हणजे फोन. स्वस्तातल्या, तीन जीबी रॅमच्या फोनवर खेळणाऱ्याला ‘तुझे फ्रेम्स पाहून रडू येते बे’ म्हणणं (फ्रेम्स म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं) वरवर खेळावरचं वाटतं, पण ती त्याच्या खिशाची टिंगल असते. तो हसतो, आणि हळूहळू यायचा बंद होतो. फोन आणि नेट हे दोन्ही विषय वर्ज्य यादीत नावासकट लिहा.

‘बे’वर बंदी घालू नका, ती टिकणारही नाही. बरोबरीच्यांत तो चालतो. वयाने मोठ्यांना ‘भाऊ’, ‘दादा’, ‘ताई’ म्हणायची सवय मात्र लावा. पुण्या-कोल्हापूरकडचा नवा गडी आला तर इथली बोलण्याची रीत त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे तो उगाच दुखावणार नाही.

टिंगल कुठे थांबवायची हे शब्दांपेक्षा पाळीवरून कळतं. ज्याची चेष्टा चालली आहे तो उलट टोमणा मारतोय का? मारत असेल तर चालू द्या. तिघं बोलतायत आणि तो गप्प आहे, किंवा नुसते हसरे चेहरे टाकतोय, किंवा माइक बंद करून बसलाय, तर विषय बदला. ‘चला, पुढची मॅच लावा’ एवढं पुरतं. सगळ्यांसमोर ‘त्याला वाईट वाटलंय, थांबा’ म्हणू नका; त्याने तो आणखी उघडा पडतो. त्याला नंतर खाजगीत विचारा.

दोन ठिकाणी मात्र इशारा-बिशारा काही नाही. पहिलं, जातीवरून शेरा. दीक्षाभूमीच्या शहरात चौदा एप्रिल आणि दसऱ्याच्या आसपास असे ‘जोक’ कुठून तरी फिरत येतात. जातीवाचक शब्द वापरणाऱ्याला त्याच क्षणी एक आठवड्याचा टाइमआउट (तेवढा काळ बोलायला बंदी) द्या, दुसऱ्यांदा झालं तर काढून टाका. जातीवरून अपमान हा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली गुन्हा ठरू शकतो, हे नियमावलीत लिहून ठेवा. दुसरं, मुलींचा आवाज. मुलगी माइकवर बोलली की ‘अजून बोल न’ म्हणणारा एक तरी निघतो आणि मागोमाग खाजगी मेसेज सुरू होतात. मग मुली माइक बंद ठेवून खेळतात आणि ‘डावीकडे दोघं, दगडामागे’ ही माहितीच स्क्वॉडला मिळत नाही. आवाजावर शेरा नाही आणि विचारल्याशिवाय खाजगी मेसेज नाही, हे दोन नियम सर्वात वर टाका. स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे.

ऑटोमॉड कसा लावायचा

डिस्कॉर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑटोमॉड, म्हणजे मेसेज आपोआप तपासून अडवणारी सोय, असतो. शिव्यांची यादी टाकताना मराठीची अडचण अशी, की शब्दाला ‘ला’, ‘च्या’, ‘नो’ चिकटतात आणि नुसता मूळ शब्द टाकला तर ही रूपं निसटतात. म्हणून शब्दाच्या शेवटी तारांकित चिन्ह (*) जोडा. दोन-तीन अक्षरांच्या शब्दाला मात्र ते जोडू नका, नाहीतर साधे शब्दही अडकतील आणि लोक ऑटोमॉडलाच शिव्या देतील. देवनागरीची यादी वेगळी आणि रोमन स्पेलिंगची वेगळी ठेवा; रोमनमध्ये एकाच शिवीची चार-पाच स्पेलिंगं निघतात. आपले लोक निम्मं हिंदीत बोलतात, तेव्हा हिंदी शिव्याही घाला. पहिला आठवडा मेसेज अडवू नका, फक्त ॲडमिनच्या चॅनेलवर सूचना येऊ द्या. काय काय चुकून पकडलं जातं ते पाहून यादी छाटा आणि मगच अडवणं सुरू करा. व्हॉइसमध्ये ऑटोमॉड चालत नाही, तिथे माणूसच लागतो.

वाद सुरू झाला की आधी खातं ठरवा

‘असं करणं बरोबर आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये रोज येतो, आणि तासभर चालून काहीच ठरत नाही. याचं कारण बहुतेक वेळा एकच: एक जण कायद्याचं बोलतो, दुसरा गेमच्या अटींचं, तिसरा आपल्या ग्रुपच्या रीतीचं, चौथा स्वतःच्या आवडीचं. ॲडमिनचं पहिलं काम म्हणजे वाद या चारपैकी कुठल्या खात्यातला आहे ते मोठ्याने सांगणं.

कायद्याचा वाद असेल तर मतदान नसतं. सगळ्यात ठळक उदाहरण एन्ट्री फीवाल्या कस्टम रूमचं (ग्रुपने स्वतः भरवलेली खाजगी मॅच). पन्नास-पन्नास रुपये गोळा करून जिंकणाऱ्या स्क्वॉडला द्यायचे, हे कितीतरी ग्रुपमध्ये सहज चालत आलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ त्यात बंद केला आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्सला मोकळीक आहे, पण ती मान्यता आणि नोंदणी असलेल्या स्पर्धांना. ‘आमची पण टूर्नामेंटच आहे न भाऊ’ म्हणून भागत नाही. रूम फुकट ठेवा. बक्षीस द्यायचंच असेल तर जिंकलेल्यांना तर्री पोहे खिलवा.

गेमच्या अटींचा वाद असेल तर तिथेही बहुमत लागू होत नाही. सोलोमध्ये (एकेकट्याच्या सामन्यात) संगनमत करून खेळणं, बाहेरचं ॲप लावून दृश्य बदलणं, गेमचं खातं (अकाउंट) विकणं, हे सगळं अटींच्या बाहेरचं आहे आणि बॅनही ज्याचा त्याला बसतो. खातं विकत घेणाऱ्यांना एवढं सांगा, की मूळ मालकाकडे लॉगिनचा ईमेल किंवा नंबर राहिला तर पैसे घेऊनही तो खातं परत ओढू शकतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

वयाचा प्रश्नही इथलाच. २०२३ मध्ये बीजीएमआय परत आला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती, मोठ्यांना सहा. बाबांच्या नंबरवरून दुसरं खातं काढून चौथ्या तासाला आलेल्या पोराला स्क्वॉडमध्ये घ्यायचं का, यावर लोक जोरजोरात भांडतात. आमचं मत सरळ आहे: घेऊ नका. चौथा माणूस कमी पडला तर तिघं खेळा. त्या पोराची दहावी-बारावी बुडाली तर त्याच्या आईला उत्तर द्यायला गेम बनवणारी कंपनी येणार नाही.

तिसरं खातं ग्रुपच्या रीतीचं, आणि चर्चा खरी इथे रंगते. एअरड्रॉपमधली (विमानातून पडणाऱ्या पेटीतली) एडब्ल्यूएम, म्हणजे लांब पल्ल्याची स्नायपर रायफल, कोणाची? आधी मार्क केलं त्याची, की चांगला स्नाइप करतो त्याची? मेलेल्या साथीदाराचं क्रेट लगेच उघडायचं, की त्याला रिकॉल करून पुन्हा खेळात आणेपर्यंत थांबायचं? हरायला लागल्यावर मॅच सोडून जाणाऱ्याचं काय करायचं? गेम यावर काही म्हणत नाही, म्हणून ग्रुपने ठरवायचं आणि लिहायचं. ‘आधी मार्क त्याचं, पण दहा सेकंदांत उचललं नाही तर मोकळं’ अशा शब्दांत लिहा. ‘समजूतदारपणे वाटून घ्या’ असल्या वाक्याने काही मिटत नाही.

कॅम्पिंग, गवतात आडवं पडून राहणारे ‘साप’, शेवटच्या सर्कलपर्यंत एकाच खोलीत बसणं, हे सगळं आवडीचं खातं. यावर निकाल देऊच नका. हा वाद वर्षानुवर्षं चालू द्या, त्याची मजाच तेवढी आहे. फक्त त्यात कोणी ‘चीटर’ म्हणाला तर तो शब्द मागे घ्यायला लावा.

चर्चा प्रत्यक्ष चालवताना ‘निवाडा’ नावाचं वेगळं चॅनेल ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र थ्रेड द्या. प्रश्नात माणसाचं नाव नको, कृती हवी: ‘मधेच मॅच सोडल्यास पुढच्या रूममध्ये जागा द्यावी का?’ स्लो मोड (एकाच माणसाच्या दोन मेसेजमधलं सक्तीचं अंतर) पाच मिनिटांवर लावा. लोक चिडलेले असतील तर पंधरावर न्या. एका माणसाला तासात चारच मेसेज मिळाले की तो विचार करून लिहितो. रात्री बारानंतर नवा थ्रेड उघडू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडा.

मतदान घेताना एक खोच लक्षात असू द्या. व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्ड दोन्हींच्या पोलमध्ये कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. मग आयजीएलने (सामन्यात स्क्वॉडला आदेश देणाऱ्याने) बोट दाबलं की बारकी पोरं त्याच बाजूला जातात. ज्या प्रश्नावर मत द्यायला कोणी कचरेल, त्यासाठी ईमेल गोळा न करणारा गूगल फॉर्म वापरा.

‘हॅक आहे बे हा’

सगळ्यात जास्त ग्रुप या वाक्याने फुटतात. आरोप सगळ्यांसमोर करायचाच नाही, ॲडमिनला खाजगीत पाठवायचा, हा नियम लोखंडासारखा ठेवा. सोबत सामन्याची वेळ, मॅप, दोघांचे आयडी आणि डेथ रिप्ले किंवा रेकॉर्डिंग मागा. क्लिप मरायच्या आधीच्या तीस सेकंदांपासूनची हवी. मारल्याच्या दोन सेकंदांवरून काहीच ठरत नाही.

पाहताना आधी साधी कारणं तपासा. भिंतीमागून नेमकं कसं कळलं? बहुतेकदा पावलांचा आवाज, इयरफोन लावला असेल तर नक्कीच. भिंतीआड गेल्यावर गोळी कशी लागली? तुमची जागा सर्व्हरमार्गे समोरच्याच्या स्क्रीनवर पोहोचायला वेळ लागतो. दोघांचा पिंग (फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) शंभर-शंभर मिलिसेकंद असेल तर एक दशांश सेकंद सहज जातो, आणि सेकंदाला साधारण सहा मीटर धावणारा खेळाडू तेवढ्यात अर्ध्या मीटरहून पुढे सरकतो. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून बाहेरच असता. रिकॉइल (गोळ्या झाडताना बंदुकीचा झटका) इतका स्थिर कसा? जायरोस्कोप (फोन हलवून नेम धरायची सोय) वापरून सराव केलेल्याचा असतो. या सगळ्यातूनही संशय उरला तर गेममधून रिपोर्ट करा आणि निकाल लागेपर्यंत त्याला कस्टम रूमला बोलावू नका. ‘हॅकर’ असा शिक्का ग्रुपने मारायचा नाही. आपल्याकडे त्याच्या फोनमधलं काही दिसत नाही.

मॅच मधेच सोडली या तक्रारीतही असाच तपास लागतो, आणि उन्हाळ्यात तर फारच. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसवर जातो. ॲपल स्वतः आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं. फोन तापला की चिप आपला वेग कमी करते आणि फ्रेम्स साठवरून तिसावर येतात. चार्जिंगला लावून खेळलं तर आणखी लवकर. पिंग नेहमीसारखा आणि चित्र अडखळतंय, तर गरमी. चित्र ठीक आणि पिंग उड्या मारतोय, तर नेट. स्क्रीनशॉटवर पिंग दिसतो, तो मागा. महिन्यात दोनदा सोडलं तर माफ, तिसऱ्यांदा एका रूमसाठी राखीव बाकावर, एवढं पुरे.

मारबतीचा थ्रेड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात काळी-पिवळी मारबत आणि बडगे निघतात, तेव्हा ग्रुपमध्येही एक थ्रेड उघडा. प्रत्येकाने खेळातली एक वाईट खोड लिहायची, कोणाचंही नाव न घेता: ‘नॉक झाल्यावर माइकवर बोंबलणाऱ्याची इडा-पीडा घेऊन जा गे मारबत.’ वर्षभर पोटात राहिलेलं त्या दिवशी हसत बाहेर येतं. रात्री थ्रेड बंद करा. ज्या खोडी चार-पाच जणांनी लिहिल्या, त्या पुढच्या आठवड्यात ‘निवाडा’वर चर्चेला घ्या.

शिक्षेची नोंद

जातीवरच्या शेऱ्याचा अपवाद सोडला तर शिक्षा चढत्या क्रमाने द्या: दहा मिनिटं, एक दिवस, एक आठवडा, मग बाहेर. डिस्कॉर्डच्या टाइमआउटमध्ये या मुदती तयारच आहेत. त्या काळात माणूस वाचू शकतो, बोलू शकत नाही. ऑडिट लॉग (ॲडमिनच्या कारवायांची डिस्कॉर्डमधली नोंद) पंचेचाळीस दिवसच राहतो, म्हणून तारीख, कृती, नियम आणि कोणी कारवाई केली हे चार रकाने असलेली शीट वेगळी ठेवा. अपील ज्याने शिक्षा दिली त्याने ऐकायचं नाही, दुसऱ्या ॲडमिनने ऐकायचं, आणि दोन दिवसांत उत्तर द्यायचं. ॲडमिन दोघंच असतील आणि ते एकाच स्क्वॉडमध्ये खेळत असतील, तर तिसरा नेमा, तोही दुसऱ्या स्क्वॉडमधला.