रिटिगलला जाताना मूर्ती शोधू नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

श्रीलंकेतल्या रिटिगल डोंगरावर, रानात, जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. तिथून बाहेर आलेल्या माणसाला "कसं वाटलं?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही हो, नुसते दगड आहेत." हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे. पहिल्या खेपेला आम्ही चार मित्र सिगिरियाचा खडकावरचा किल्ला उरकून दुपारी तिथे धडकलो, तासाभरात भिजून, चिडून परतलो आणि वाटेतल्या चहाच्या टपरीवर या जागेला नावं ठेवली. दोन वर्षांनी माझ्या आत्याला घेऊन परत गेलो. ती दरवर्षी इगतपुरीला विपश्यनेला जाते. त्या दिवशी तेच दगड होते, तोच डोंगर होता, पण आम्ही तिथे जवळजवळ चार तास होतो. पहिल्या खेपेत काय काय चुकलं होतं ते दुसऱ्या खेपेत कळलं.

आपलं कॅलेंडर तिथे चालत नाही

मराठी माणूस सहल ठरवतो ती पाऊस संपल्यावर. दिवाळीची सुट्टी, नाहीतर नाताळ. रिटिगलसाठी नेमकं हेच उलटं पडतं. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागाला पाऊस देतो तो प्रामुख्याने ईशान्य मोसमी वारा, आणि तो ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान. नोव्हेंबर-डिसेंबरात जोर जास्त. आपल्याकडे सह्याद्री चिंब भिजलेला असतो त्या जून ते सप्टेंबरच्या दिवसांत तिकडे कोरडं ऊन असतं. म्हणजे ज्या महिन्यांत आपण "पावसात कुठे जायचं" म्हणून घरी बसतो, ते महिने या जागेसाठी बरे.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते भाऊबीज झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. हजार-बाराशे वर्षांच्या फरसबंदीवर शेवाळ धरलं की ती भीमाशंकरच्या वाटेइतकीच दगा देते. वर जळवा. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांना जळवा नव्या नाहीत, पण सँडल आणि बर्मुडा घालून आलेल्यांचे त्या दिवशी हाल झाले. लांब पँट, तिची टोकं मोज्यात खोचलेली, आणि पकड असलेले बंद बूट. जळू चिकटलीच तर उपटून काढू नका, नखाने तिचं तोंड कडेने सरकवा. त्यानंतर रक्त बराच वेळ वाहत राहतं, कारण जळू ते गोठू देत नाही. जखम धुवायची, फडकं दाबून धरायचं, घाबरायचं नाही.

मूर्ती कुठे आहे?

पहिल्या खेपेला आमच्यातल्या एकाने दर दहा मिनिटांनी हा प्रश्न विचारला. दंबुल्लाच्या गुहांतले रंगवलेले बुद्ध आणि पोलोन्नरुवातला खडकात कोरलेला निजलेला बुद्ध बघून आलेल्या डोळ्यांना पुढचं ठिकाणही तसंच हवं असतं. रिटिगलच्या अवशेषांत ते नाही. डोळे दिपवणारी मूर्ती नाही, स्तूप नाही, बोधिवृक्षाचा पार नाही. ते कुणी पळवलेलं नाही किंवा काळाच्या ओघात पडलेलंही नाही. तिथे राहणाऱ्यांना ते नकोच होतं.

हे राहणारे होते पांसुकूलिक भिक्खू. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेलं कापड. ते वेचून, शिवून त्याचं चीवर (भिक्खूचं वस्त्र) करायचं, दान मिळालेलं नवं वस्त्र घ्यायचं नाही, हे तेरा धुतांगांपैकी, म्हणजे भिक्खूंनी आपणहून घ्यायच्या कडक व्रतांपैकी, पहिलं. अनुराधपुर या तेव्हाच्या राजधानीतले मोठे विहार श्रीमंत झाले, तेव्हा ज्यांना कडक साधं जगायचं होतं त्यांनी रानाची वाट धरली. नवव्या शतकात पहिला सेन या राजाने (८३३–८५३) त्यांच्यासाठी इथे मोठा विहार बांधला आणि त्याला भरघोस उत्पन्न नेमून दिलं, असं जुनी बखर सांगते. चिंध्या नेसणाऱ्यांसाठी राजाने खजिना उघडला यातली गंमत ज्याची त्याने बघावी. पण दगडाचं काम बघितलं की पैसा आणि कसब दोन्ही दिसतं. फक्त ते मिरवलेलं नाही.

डोंगर त्याहून कितीतरी जुना. पायथ्याच्या गुहांतले ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीचे आहेत. महावंस या श्रीलंकेच्या प्राचीन पाली बखरीत याचं नाव अरिट्ठ पर्वत. पंडुकाभय राजा गादीवर येण्याआधी इथे दडून राहिला, अशी कथा आहे. अरिट्ठ म्हणजे संस्कृतातलं अरिष्ट, आणि 'गल' म्हणजे सिंहलीत खडक. (आपला रिठाही याच अरिष्ट शब्दातून आलाय. डोंगराला नाव रिठ्यावरून पडलं असं मात्र मी म्हणत नाही.) पुढे रानाने सगळं गिळलं. १८९३ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या एच. सी. पी. बेल यांनी इथली पाहणी केली.

एवढं माहीत असेल तर मग बघायचं काय ते कळतं. आत शिरल्यावर आधी लागतो बंडा पोकुण. पोकुण म्हणजे पोक्खरणी, आपली पुष्करणी. डोंगरातून येणारं पाणी बांध घालून अडवलेलं, आतून दगडी पायऱ्या उतरवलेल्या. भरलेला तलाव बघायला मिळेल अशी आशा धरू नका, कोरड्या दिवसांत त्यात गवत असतं. कण्हेरीला ज्यांनी लेण्याबाहेरच्या पाण्याच्या पोढ्या बघितल्या आहेत त्यांनी इथे जरा थांबावं. पावसाचं पाणी साठवल्याशिवाय रानात संघ राहू शकत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

मग चढ, ओढ्यावरचा दगडी पूल, आणि ती प्रसिद्ध वाट. सुमारे दीड मीटर रुंद, एकमेकांत घट्ट बसवलेल्या ताशीव दगडांची, उतार सांभाळत झाडांमधून वर जाणारी. मधे मधे गोल चौथरे येतात, आजच्या चौकातल्या सर्कलसारखे. एका खोलगट चौकात औषध वाटायचे पाटे आणि अंगाएवढी दगडी डोणी आहे. हा विहाराचा दवाखाना असावा असं मानतात. औषधी तेलात किंवा काढ्यात रोग्याला निजवत असत.

आणि जोडओटे. पहिल्या खेपेला त्यांच्यावर बसून आम्ही वेफर खाल्ले होते. दोन मोठे दगडी ओटे शेजारी शेजारी, मधे खंदकासारखी जागा, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला एकसंध शिळेचा पूल. एका ओट्यावर खांबांच्या खुणा, म्हणजे वर छप्पर होतं; दुसरा उघडा. ही ध्यानाची जागा होती असा अभ्यासकांचा अर्थ आहे. आत्याने त्या पुलावर पाऊल ठेवलं आणि म्हणाली, "अरे, हे चंक्रमणाचं नाही का?" (चंक्रमण म्हणजे चालत करायचं ध्यान.) मग ती उघड्या ओट्यावर इकडून तिकडे सावकाश चालत राहिली. नजर खाली, हात पुढे बांधलेले. पाऊण तास. तिचा तर्क पुरातत्त्वाच्या कसोटीवर किती टिकेल ते सोडा, पण दगडांचा उपयोग करून बघणारी व्यक्ती मी तिथे पहिल्यांदाच बघितली. फोटो काढून पुढे सरकायची घाई असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही, वेळ वाचवा.

मारुतीचा तुकडा खिशात घालू नका

मराठी प्रवाशांच्या बाबतीत ही चूक खास आपली. द्रोणागिरी घेऊन उडणाऱ्या मारुतीच्या हातून एक तुकडा इथे पडला, म्हणून माथ्यावरची झाडी भोवतालच्या कोरड्या रानापेक्षा वेगळी, अशी गोष्ट तुम्हाला वाटाड्या हमखास सांगेल. झाडी वेगळी आहे हे खरंच. माथा ७६६ मीटर उंच, सपाट मुलखातून एकदम उठलेला. ढग अडतात, वरती गारवा आणि दमटपणा राहतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉलजवळचा रुमस्सल डोंगरही तोच मान सांगतो, तेव्हा तुकड्याच्या मालकीवर वाद घालू नये.

घोळ होतो तो पुढे. "संजीवनी" म्हणून कुणीतरी पान तोडतं, मूळ उपटतं. हे १९४१ पासून कडक संरक्षण असलेलं राखीव रान आहे. पान नाही, बी नाही, दगडाचा कपचाही नाही. आणि माथ्यावर जाता येत नाही, पर्यटकांची वाट अवशेषांपाशीच संपते. "थोडे पैसे देऊ, वर सोडा" हा सूर लावू नका. पहिल्या खेपेला आमच्यातल्याच एकाने लावला होता, रखवालदाराने हसून नकार दिला, आणि मला अजून लाज वाटते.

एका दिवसात तीन ठिकाणं

सिगिरिया, दंबुल्ला आणि रिटिगल एकाच दिवशी बसवलेली सहल-पत्रकं मी बघितली आहेत. बसतात, हो. सिगिरियाच्या हजारेक पायऱ्या चढून-उतरून गुडघे बोलायला लागले की दुपारी रिटिगल. आमचं असंच झालं होतं. सकाळ रिटिगलला द्या. उजाडताना हबरण या जवळच्या गावाहून निघालात तर गर्दी नसते, ऊन नसतं, माकडंही जरा आळसावलेली असतात. दुपारनंतर अनुराधपुराकडे सरकता येतं. मुंबईहून कोलंबोचं विमान अडीच तासांचं, विमानतळावरून हबरण गाडीने चारेक तास. म्हणजे शुक्रवारी निघून सोमवारी परत, एवढ्यातही हे नीट होतं. फक्त बाकी यादी निम्मी करायची.

गाडीवाल्याला नुसतं "रिटिगल" सांगू नका. नकाशावर डोंगराचं नाव टाकलं की खूण येते डोंगराच्या मध्यावर, आणि रस्ता दाखवणारं यंत्र तुम्हाला भलत्याच बाजूच्या शेतवाडीत नेऊन सोडतं. आमचा दीड तास असाच गेला, चालकही त्या भागातला नव्हता. हबरण–अनुराधपुर रस्त्यावरचा फाटा, तिथून आत आठ-नऊ किलोमीटर, शेवटचा टप्पा खडबडीत: अवशेषांच्या प्रवेशद्वाराची खूण आदल्या रात्री हॉटेलवाल्याकडून पक्की करून नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. आत नेटवर्कचा भरवसा नाही.

त्याच कारणाने रोख रक्कमही. २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआय चालतं ही खरी गोष्ट, पण ती शहरातल्या दुकानांपुरती धरा. तिकीट, वाटाड्या, शहाळं, सगळ्याला श्रीलंकन रुपये लागतात. वाटाड्या घ्याच, कारण माहितीच्या पाट्या नावापुरत्या आहेत, पण पैसे आधी बोलून. पासपोर्टही जवळ असू द्या; सिगिरियासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट स्वस्त पडतं, आणि तो दाखवल्याशिवाय नाही. व्हिसाचे नियम आणि शुल्क अलीकडे वारंवार बदललेत, तेव्हा मित्राने मागच्या वर्षी काय भरलं यावर जाऊ नका, सरकारी संकेतस्थळच बघा.

पाणी माणशी दीड लिटर. आत काही मिळत नाही, आणि नेलेला कचरा परत आणायचा. खाऊची पिशवी हातात मिरवली तर माकडं हिशेब चुकता करतात.

अडचण आलीच तर

गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन जायचं असेल तर बंडा पोकुण, पूल आणि वाटेचा पहिला टप्पा एवढं पुरे. आत्याने काठी नेली होती. पायऱ्या अरुंद नाहीत, पण काही ठिकाणी उंच आहेत. अचानक पाऊस आला तर फरसबंदीच्या मधून चाला, कडेला पालापाचोळ्याखाली दगड हललेले असतात. आणि अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला लागा. हा हत्तींचा मुलूख आहे, संध्याकाळी ते रस्त्यावर येतात. समोर दिसला तर हॉर्न नाही, फ्लॅश नाही, गाडीतून उतरणं तर नाहीच. चालक थांबवेल तितकं थांबायचं.

पाऊस लागूनच राहिला आणि रिटिगल सोडावं लागलं, तर अनुराधपुरात पश्चिमेकडचे मठ बघा. तपोवन म्हणून ओळखले जातात. तिथेही असेच जोडओटे आहेत, सपाटीवर, चढ नाही. बहुतेक सहली त्यांना वगळून जातात. तिथे सगळं बांधकाम सपाट, कोरं, आणि नक्षी फक्त एका वस्तूवर: भिक्खूंच्या मुतारीच्या दगडावर. त्यावर महालाच्या दर्शनी भागासारखं कोरीव काम आहे. ज्या थाटामाटाच्या विहारांकडे पाठ फिरवली, त्यांच्या वैभवाची या मंडळींच्या लेखी काय किंमत होती ते असं दाखवलंय, असा एक अर्थ लावतात. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की शेजारी झाडू मारणाऱ्या बाईही हात थांबवून हसायला लागल्या.