सोलापुरात राहून जुनी स्पोर्ट्स कार घेताना

आठवडाभर रोजच्या कामाला साधी मोटार वापरावी आणि रविवारी पहाटे नळदुर्ग किंवा तुळजापूरच्या रस्त्यावर काढायला एक जुनी, चपळ गाडी दारात असावी, ही हौस सोलापुरात राहूनही भागवता येते. मात्र त्यासाठी गाडी निवडण्याचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. बहुतेक जण आधी मॉडेलवर भाळतात, मग किंमत पाहतात आणि दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न व्यवहार झाल्यावर विचारतात. खरे तर सुरुवात मिस्त्रीपासून करावी. आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीने त्या जातीचे इंजिन यापूर्वी उघडले आहे का, आणि एखादा भाग सोलापुरात मिळाला नाही तर तो पुण्याहून मागवता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच ते मॉडेल यादीत ठेवावे.

दोन आसनी, उघड्या छताच्या गाड्या आपल्याकडे फार थोड्या विकल्या गेल्या. गोव्यात तयार झालेली फायबरच्या बॉडीची सॅन स्टॉर्म आज संग्राहकांच्याच कामाची आहे. मर्सिडीज एसएलके किंवा बीएमडब्ल्यू झेड४ यांची जुन्या बाजारातील किंमत मोह पाडते खरी, पण अशा गाडीची किंमत जुनी झाली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत नव्या गाडीचीच राहते. म्हणून पहिल्या खरेदीसाठी माझे मत साध्या गाड्यांच्या बाजूने आहे. फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स, १०६ अश्वशक्तीची जुनी होंडा सिटी व्हीटेक आणि फोर्ड आयकॉन १.६ या दिसायला सामान्य, पण चालवायला मनापासून मजा देणाऱ्या आहेत. थोडा अधिक खर्च झेपत असेल तर स्कोडा ऑक्टाव्हियाची १.८ टर्बो व्हीआरएस किंवा २०१५ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो पाहावी. २०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय चांगली आहे; मात्र तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी (आपोआप गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्सची दुरुस्ती महाग पडते, त्यामुळे त्याचे काम कधी झाले याची बिले मालकाकडे नसतील तर किंमत त्या हिशेबाने पाडूनच बोलावी.

सोलापूरच्या हवेचा एक फायदा आणि एक तोटा आहे. येथे पाऊस कमी असल्याने पत्रा तुलनेने टिकतो; उलट मुंबई-कोकणातून आलेल्या गाडीचे दारांचे खालचे काठ, डिकीतील स्टेपनीची जागा आणि चेसिसचे सांधे गंजलेले सापडतात. तोटा उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जात असल्याने वीस वर्षांचा रेडिएटर, होज पाइप आणि पंखा यांची खरी परीक्षा येथेच होते. म्हणून गाडी थंडीत पाहायला गेलात तरी चाचणी भर दुपारी, एसी लावून आणि सात रस्त्यासारख्या गर्दीत थांबत-थांबत करावी, आणि तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो का ते पाहावे. त्यानंतर शक्य असल्यास तुळजापूरच्या घाटापर्यंत न्यावी. चढावर क्लच घसरत असेल किंवा उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर ते शहरातल्या फेरीत कळत नाही.

इंजिन पाहताना मालकाला आधीच सांगावे की आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर निघाला तर ते ऑइल जाळत आहे असे समजावे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातील सीलचा, संशय घ्यावा. सिटी व्हीटेक आणि ऑक्टाव्हिया १.८ टर्बो यांना टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा, असतो. तो तुटल्यास व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडावे लागते, त्यामुळे बेल्ट बदलल्याची पावती मागावी आणि ती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आणि इथेनॉलचा, म्हणून इंधनाचा मुद्दा येथे थोडा जवळचा वाटतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील व पेट्रोल पंप त्या मिश्रणासाठी बनवलेले नसतात. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते, त्यामुळे आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याचा त्रास अधिक होतो. उपाय अवघड नाही: इंधनाचे पाइप आणि फिल्टर सुरुवातीलाच नवे घालावेत, आणि गाडी महिनोन्महिने न हलवता ठेवू नये.

कागदपत्रांत हयगय करू नये. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः पडताळावेत, कारण अशा गाड्यांत इंजिन बदललेले असणे नवलाचे नाही आणि तो बदल नोंदवलेला नसेल तर पुढे हस्तांतर अडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत. कर्कश सायलेन्सर लावलेली गाडी घेणे म्हणजे दंड विकत घेणेच होय. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दुप्पट झाले, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. कर्नाटक जवळ असल्याने विजापूरकडची गाडी स्वस्त वाटते, पण परराज्यातील गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो, तो आधीच मोजावा. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५, आणि थकीत ई-चलन नसल्याची खात्री झाल्यावरच उरलेले पैसे द्यावेत. विमा आपल्या नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जुन्या मालकाकडेच राहतो.

गाडी घरी आल्यावर पहिला खर्च आरशासारख्या पॉलिशवर नव्हे, तर टायरांवर करावा. टायरच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी इतके जुने टायर उन्हाळ्यात हैदराबाद महामार्गाच्या वेगाला धोकादायक असतात. त्याबरोबरच इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदमच बदलून घ्यावे, आणि खरेदीच्या किमतीच्या साधारण चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवावा.